रंगचाळणी, घर आणि माझे दोन डोळे

मी, भैयाजी दसरू पचारे, वय सदुसष्ट, जातीने ढिवर, धंदा आधी तलावातली मासेमारी, मग झाडीपट्टीच्या नाटकांना लाईट लावणे आणि अलीकडे रंगचाळण्या तयार करणे, राहणार मौजा पांढरबोडी, तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे सोडले तर तब्येतही शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. घरात एक बाटली आहे, पण तिच्यातले प्यायचे नसते. तिचा खुलासा पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखेही काही नाही.

डोळे शाबूत आहेत असे मात्र मी शपथेवर लिहू शकत नाही. लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग मला जन्मापासून एकसारखे दिसतात. दोघांनाही मी मातकट म्हणतो. बाकी सगळे मला दिसते, आणि सुईत दोरा अजून मीच ओवतो.

आमचे वकील सुनिलभाऊ म्हणाले की मृत्युपत्रात आधी घर लिहायचे, मग जमीन, मग भांडीकुंडी. मी म्हटले, आधी डोळे लिहा. ते म्हणाले, "भैयाजीभाऊ, मृत्युपत्र लोकं तेरवी झाल्यावर उघडतेत. डोळे सहा तासांत काढा लागते. तुमचं कलम वाचाले घेऊ तंवर डोळ्यांची राख नदीत गेली राहीन." माणूस बरोबर बोलला. म्हणून मी असे ठरवले आहे की हे मृत्युपत्र मी मरण्याची वाट न पाहता, सही व्हायच्या दिवशीच, माझ्या अंगणात, घरच्यांसमोर मी स्वतः वाचून दाखवीन. असे कोणी करत नाही म्हणतात. पण नाटकातही तालीम आधीच होते.

कलम १. डोळे. माझ्या मृत्यूनंतर माझे दोन्ही डोळे दान करावेत. माझा मुलगा निकेश याने आधी सावलीचे डोळ्यांचे डॉ. राजदीप यांना फोन करावा, नातेवाइकांना नंतर. माझ्या पापण्या मिटाव्यात, वर ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. उन्हाळा असला तरी बंद करावा, मला गरम होणार नाही.

आता अडचण सांगतो. मी कागदावर कितीही सह्या केल्या तरी ऐनवेळी घरच्यांनी नाही म्हटले की डॉक्टर रिकाम्या हाताने परत जातात. घरचे म्हणजे आमच्याकडे गिरजाबाई, माझी पत्नी. आणि गिरजाबाई नाही म्हणते आहे.

त्याचे असे झाले. माझा चुलतभाऊ देवराव याने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासे वाटताना, चार माणसांत, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "डोळे देऊन बसशीन तं पुढच्या जलमी आंधळा येशीन, भैया." लोक हसले. मीही हसलो. गिरजाबाई हसली नाही. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढले, ताट उचलले, आणि मग म्हणाली, "तुमी आंधळे जलमले तं मले वळखसान कसे?"

पुढचा जन्म असतो की नसतो यावर मी तिच्याशी वाद घालू शकलो असतो. पण तिने पुढच्या जन्मीही मीच असणार हे धरून चालले होते, आणि ते ऐकून माझे तोंडच बंद झाले. म्हणून यापुढची कलमे मी वाटणीसाठी कमी आणि तिची समजूत घालण्यासाठी जास्त लिहिली आहेत. सुनिलभाऊंना हे कायद्यात बसत नाही असे वाटते. त्यांनी बसवून घ्यावे.

कलम २. घर. पांढरबोडीतले राहते घर, अंगण, मागची बाडी आणि बाडीतली लाईटची खोली, हे सर्व माझ्या पश्चात संपूर्ण मालकी हक्काने गिरजाबाई हिला मिळावे. तिने ते ठेवावे, विकावे, कोणाला द्यावे, तिची मर्जी. निकेश आणि डिंपल या माझ्या मुलांनी तिला त्याबद्दल शब्द विचारू नये.

कारण विचाराल तर मिरची. आमचे लग्न झाले त्या वर्षी धान निघाल्यावर आम्ही गावच्या टोळीबरोबर नदीपलीकडे, तेव्हा आंध्र म्हणत त्या मुलखात, मिरची तोडायला गेलो. काम सोपे. पिकलेली तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची. मी नवरदेव, बायकोसमोर मर्दुमकी दाखवायची म्हणून दिवसभर वाकून सगळ्यांच्या पुढे गेलो. संध्याकाळी मुकादमाने माझी टोपली ओतली आणि कपाळाला हात लावला. "का रे बापू, बायकोच्या तोंडाकडं पाहून तोडली का? अर्धी कच्ची हाय!" सगळी टोळी हसली. माझ्या डोळ्यांना दुसऱ्यांपेक्षा काही कमी दिसते हे मला त्या ढिगासमोर उभे राहून कळले. तोवर मला वाटायचे की लोक लाल आणि हिरवा असे दोन शब्द उगीच वापरतात, जसे जेवण आणि जेवणखाण.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईने माझ्या शेजारची ओळ धरली आणि हळूच म्हणाली, "डोळे मिटा. चाचपा. पिकली असन तं सालटं सैल लागते, कच्ची ताठ राह्यते." मी डोळे मिटून तोडू लागलो. त्या दिवसापासून माझ्या टोपलीत एकही कच्ची मिरची गेली नाही. ती मला हसली नव्हती. याची नोंद सरकारदरबारी दुसरीकडे कुठे नाही म्हणून इथे करून ठेवतो.

कलम ३. नाटकाचे सामान. हॅलोजनचे दिवे, वायरीची भेंडोळी, लोखंडी उभे दांडे आणि डिमरची पेटी ही सगळी आमच्या नाटक मंडळीला परत द्यावी. रंगीत जिलेटिनच्या कागदांचे मात्र मी वेगळे सांगतो. ते रविवारच्या प्रयोगशाळेला द्यावेत, ती कोणती ते कलम ४ मध्ये येईल.

रंग न ओळखणारा माणूस लाईटवाला कसा झाला असे लोक विचारतात. पोटासाठी झाला. दिवाळीनंतर आमच्या झाडीत गावोगाव नाटके लागतात, हंगामात हाताला काम मिळते, आणि वायर जोडायला मला येत होते. रंगांचे गिरजाबाईने पाहिले. रंगीत कागदांच्या पुठ्ठ्याच्या चौकटींना तिने विळ्याने खाचा पाडून दिल्या. एक खाच लाल, दोन खाचा हिरवा, तीन निळा, खाच नसलेला पिवळा. अंधारात बोट फिरवायचे आणि चौकट दिव्यासमोर सरकवायची. किती वर्षे लोकांनी माझ्या लाईटला टाळ्या दिल्या आणि त्या कशाला दिल्या हे मला कधी दिसले नाही.

एकदा उंदराने लालच्या चौकटीची कड कुरतडली आणि एका खाचेच्या दोन झाल्या. वनवासाचा प्रवेश, राजाराणी हिरव्यागार अरण्यात निघालेले, आणि मी सगळ्या रंगमंचावर लाल ओतला. मला काय, मातकट ते मातकट. पण राजाचे काम दादाजी बोरकुटे करत होते, ज्यांची साक्ष या कागदावर आहे. ते क्षणभर थबकले आणि ओरडले, "प्रधानजी, वणवा लागला!" आणि राणीला खांद्यावर टाकून आत पळाले. इकडे वणवा काय असतो हे प्रत्येकाने पाहिलेले असते. बाया उठून उभ्या राहिल्या. पुढच्या गावचे लोक आधीच विचारू लागले की वणव्याचा सीन आहे ना. शेवटी लेखकाला तो नाटकात लिहून घ्यावा लागला.

कलम ४. रंगचाळण्या. माझ्या हातच्या तीन रंगचाळण्या घरात आहेत. हे यंत्र काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे वाटणीच्या वेळी कोणी त्याला रेडिओ समजून भंगारात देणार नाही.

आमच्या गावची रश्मी रामटेके सावलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रविवारी ती बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत पोरापोरींची प्रयोगशाळा चालवते. ज्याला हौस आहे त्याने यावे, फी नाही, चप्पल बाहेर काढावी. ती एक दिवस माझ्याकडे जिलेटिनचे कागद मागायला आली. म्हणाली, "भाऊ, लाल अन् निळा कागद पाह्यजे. पानाचा हिरवेपणा मोजाचा हाय."

मी विचारले, "हिरवेपणा मोजता येते?"

"येते ना. वजनासारखा येते."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. हिरवा ही माझ्यासाठी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करायची गोष्ट होती, देवासारखी. आणि ही पोरगी ती तराजूत घालायला निघाली होती. मी म्हटले, कागद देतो, पण मला बरोबर घे.

असे यंत्र बाजारात मिळते, पण ते हौशी पोरांच्या आवाक्यातले नसते. म्हणून आम्ही घरी केले. नाटकाच्या जुन्या पडद्यामागचे प्लायवूड कापून पेटी केली. पहिल्या पेटीच्या एका अंगाला अजून राजवाड्याचा अर्धा खांब रंगवलेला आहे. आतून तिला विंगेचा बिनचमकीचा काळा रंग दिला, कारण पेटीत उजेड इकडेतिकडे उडता कामा नये. दाढीची दोन पाती एकमेकांना जवळजवळ चिकटवून उजेडाला आत यायला चीर केली. समोर जुन्या डीव्हीडीचा तुकडा, वरचा चमकीचा थर काढून. त्याच्यावर इतक्या बारीक रेघा असतात की उजेड त्यातून जाताना उलगडतो. मागे वेबकॅम, आणि चिरेच्या आधी चौकोनी काचेची कुपी ठेवायला खाचा. कुपीत जे ओताल त्यातून पांढरा उजेड जातो, त्यातला कोणता रंग किती गिळला गेला ते कॉम्प्युटर पडद्यावर रेघ काढून सांगतो. एवढेच यंत्र. मेहनत फक्त सरळ रेषेत ठेवण्याची, आणि ती मला येते, कारण दिवे सरळ लावण्यात माझे आयुष्य गेले.

डीव्हीडीचा तुकडा पहिल्यांदा उन्हात धरला तेव्हा भिंतीवर पट्टा पडला. गिरजाबाई भाकरीचे पीठ तसेच हाताला घेऊन बाहेर आली आणि एकेक मोजू लागली. जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. मला एका टोकाला निळे दिसले, दुसऱ्या टोकाला मातकट पिवळे आणि मधे राखेसारखे काहीतरी. ती म्हणाली, "धान चाळतो तसं उजेड चाळून राह्यले तुमी." तेव्हापासून यंत्राचे नाव रंगचाळणी. रश्मी त्याचे मोठे इंग्रजी नाव सांगते, ते पांढरबोडीत कोणाच्या जिभेवर बसले नाही.

मग आम्ही धानाचे कोवळे पान खलून त्याचा रस कुपीत ठेवला. पडद्यावर उजेडाची रेघ डावीकडे, निळ्यापाशी, खाली बसली. मधे वर आली. आणि उजवीकडे पुन्हा एकदा खोल गेली. रश्मीने बोट ठेवले. "इथी लाल हाय, भाऊ. पानानं गिळला. अन् इथी मधात हिरवा हाय, तो सोडून देला." तिचे एक बोट एका जागी होते आणि दुसरे त्याच्यापासून चार बोटे लांब.

त्या दोन जागा वेगळ्या होत्या. मी उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. पन्नास-साठ वर्षे लोक मला सांगत आले की हे वेगळे आहे, आणि मी हो म्हणत आलो. त्या दिवशी मला कोणी सांगावे लागले नाही. एक डोंगर होता आणि एक दरी होती, आणि दोघांच्या मधे जागा होती. मी लाईटच्या खोलीत जाऊन रडलो. रश्मीला वाटले मला विजेचा झटका बसला.

पुढे तर मला वेडच लागले. ट्यूबलाईटच्या उजेडात ठराविक जागी चकचकीत रेघा येतात, तिच्या आतल्या पाऱ्याच्या. त्यावरूनच आम्ही यंत्राची पट्टी जुळवतो, कारण पारा पांढरबोडीत असो की परदेशात, रेघा त्याच जागी देतो. आणि दिवसा चीर आभाळाकडे धरली तर रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. रश्मी म्हणते, त्या सूर्याभोवतीच्या वाफेने खाल्लेल्या रंगांच्या जागा आहेत, कुठे लोखंडाने, कुठे मिठातल्या सोडियमने. इथे पाळीवर बसून सूर्यात लोखंड आहे हे प्लायवूडच्या पेटीतून कळते! मी ते ज्याला त्याला ओढून दाखवले. त्या रेघा गिरजाबाईला काळ्या दिसतात आणि मलाही काळ्याच दिसतात, याचे मला फार बरे वाटते.

वाटणी अशी. राजवाड्याच्या खांबाची पहिली रंगचाळणी रविवारच्या प्रयोगशाळेला. दुसरी आमच्या मच्छीमार सोसायटीला, म्हणजे उन्हाळ्यात तलावाचे पाणी किती हिरवे होत चालले ते मोजता येईल आणि मासे गुदमरून पाण्यावर तोंड काढायच्या आधीच जाग येईल. तिसरी कोणाची ते कलम ७ मध्ये. यंत्राची आकृती मी भिंतीवर काढलेली आहे. ज्याला बनवायची त्याने बनवावी, विचारायला येऊ नये. आला तर गिरजाबाईने चहा द्यावा.

वापरणाऱ्याने एक गोष्ट पाळावी. आधी कोरे, म्हणजे ज्यात काही घातलेले नाही असे स्वच्छ पाणी दाखवायचे, मग मोजायचा माल. एकदा पोरांनी आळस करून तलावाचेच पाणी कोरे म्हणून दाखवले आणि मग तलावाचेच पाणी मोजले. यंत्र म्हणाले, हिरवेपणा शून्य. पोरे म्हणाली, तलाव साफ आहे. मीही आयुष्यभर तेच केले होते, आपल्या नजरेलाच कोरे पाणी समजून चाललो होतो.

कलम ५. बाटली. पानातला हिरवा पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. म्हणून घरात स्पिरिट असते. ते रश्मीला द्यावे आणि कोणी चाखून पाहू नये. विषारी असते.

या बाटलीपायी आम्ही एकदा अडकलो होतो. गडचिरोलीकडच्या एका शाळेत पोरांना यंत्र दाखवायला निघालो. वैनगंगेचा पूल ओलांडला की दारूबंदी. नाक्यावरच्या शिपायाने पिशवी उघडली, बूच काढून वास घेतला आणि विचारले, "हे कायले?"

रश्मी म्हणाली, "पानाचा रंग काढाले, साहेब."

"रंग काढाले का झिंग चढाले?"

तिने वाद घातला नाही. बाजूच्या झाडाची चार पाने तोडली, तिथेच वाटली, रस स्पिरिटमध्ये उतरवला आणि कुपी त्याच्या हातात देऊन बाजूने निळी बॅटरी मारली. शिपायाने कुपी फिरवून फिरवून पाहिली. मग त्याने दुसऱ्याला हाक मारली. "अबे, इकडं ये. हिरव्याचं लाल काऊन दिसून राह्यलं?" पान जो उजेड गिळते त्यातला थोडा लाल करून परत टाकते, पण झाडावर असताना ते कामात असल्याने आपल्याला दिसत नाही, असे रश्मीने सांगितले. मला त्या कुपीत काहीच बदललेले दिसले नाही. मला ते त्या दोन माणसांच्या चेहऱ्यांवर दिसले. जन्मभर झाडांखाली उभी राहिलेली माणसे, आणि तोंड उघडे ठेवून एका कुपीकडे पाहत होती. त्यांनी आम्हाला सोडले. एकाने घरी बायकोला दाखवायला कुपी मागून घेतली.

कलम ६. जे वाटता येत नाही. माझी एक मालमत्ता अशी आहे की ती मृत्युपत्राने देता येत नाही आणि अडवताही येत नाही. माझे रंगांधळेपण. रश्मीने फळ्यावर समजावून दिले की बापाकडून ते मुलाकडे जात नाही. म्हणजे गडचांदूरला नोकरी करणाऱ्या निकेशला यातला छदामही मिळणार नाही, त्याने भांडू नये. मुलीकडे मात्र जातेच, पण तिच्यात गुपचूप बसून राहते, आणि तिच्या मुलांपैकी कोणात उठेल कोणात नाही. माझ्याकडे ते माझ्या आईकडून आले असणार. बिचारीला माहीतही नव्हते. डिंपलने एवढेच करावे की उद्या तिच्या घरात कोणी पिकल्या टमाट्याला हिरवा म्हटले तर त्याला वेड्यात काढू नये. त्याला खाचा पाडून द्याव्यात.

कलम ७. देवराव. माझा डोंगा, म्हणजे मासेमारीची नाव, आणि मोठे जाळे चुलतभाऊ देवराव याला द्यावे. माझा बाप गेल्यावर चांगला डोंगा त्याने घेतला आणि गळका मला ठेवला, हे त्याला आठवते आणि मलाही. हा डोंगा मी स्वतः केलेला आहे आणि गळत नाही. त्याने पाळीवर मला "आंधळा लाईटवाला" म्हटले होते, ते मी अजून गिळलेले नाही. तरीही तिसरी रंगचाळणी त्यालाच द्यावी. त्याने तिच्यात काहीही घालून पाहावे, मोहफूल, मिरची, स्वतःची लाळ. एकदा त्या पेटीत डोकावला की माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांवर बोलायला कचरतो.

कलम ८. बकऱ्याचा डोळा. आता गिरजाबाई, हे नीट ऐक. हे तुझ्यासाठी आहे.

देवराव बोलला त्यापेक्षा मोठी भीती मला वेगळीच होती. मला वाटे, माझे सदोष डोळे दुसऱ्याला लावले तर तोही मिरचीच्या ढिगासमोर उभा राहील. आपला रोग दान करायचा, हे कसले पुण्य? मी डॉ. राजदीप यांना विचारले. ते म्हणाले, "भैयाजीभाऊ, आमी फक्त बुबुळावरची काच घेतो. रंग वळखणारा पडदा पार मागं राह्यते. तो आमी कोणाले लावत नाई." मी मान हलवली, पण घरी येऊनही पटले नाही. माझ्याजवळ यंत्र असताना मी दुसऱ्याच्या शब्दावर का राहावे?

रविवारी रश्मी पोरांना बकऱ्याचा डोळा कापून दाखवणार होती. खाटकाकडून डोळे आणले. तिने ब्लेडने समोरची काच अलगद सोडवली, खोबऱ्याच्या पातळ कापासारखी, आणि मिठाच्या पाण्यात घातली. आम्ही आधी कोरे पाणी दाखवले. मग त्याच पाण्यात ती काच ठेवून कुपी आत सरकवली.

रेघ जवळजवळ हलली नाही. निळ्यापासून लालपर्यंत थोडी खाली सरकली इतकेच, सगळीकडे सारखी. ना कुठे दरी, ना कुठे खड्डा. सगळे रंग आरपार गेले. मग रश्मीने पाठचा पडदा दाखवला, ओल्या कागदासारखा पातळ. "तुमची अडचण याच्यात हाय, भाऊ. काचेत नाई."

म्हणजे गिरजाबाई, सदुसष्ट वर्षे प्रत्येक लाल आणि प्रत्येक हिरवा माझ्या डोळ्यांत येतच होता. तुझे लुगडे, तुझे कुंकू, सगळी मिरची, दादाजींचा वणवा. सगळे उंबरा ओलांडून आत आले होते. आत त्यांना ओळखणारे कोणी नव्हते, म्हणून ते ओसरीवर बसून राहिले. माझी खिडकी स्वच्छ आहे. कोणाच्या घराला ती लावली आणि त्या घरात ओळखणारे कोणी असले, तर जे मी तुझ्या तोंडून ऐकले ते तो माझ्या काचेतून पाहील. एवढी मोठी गोष्ट माझ्याजवळ आहे आणि ती सहा तासांत वाया जाईल. मला भीती मरणाची वाटत नाही, त्या सहा तासांची वाटते.

तू विचारलेस, मी तुला ओळखीन कसा? मला अजूनही उत्तर येत नाही. म्हणून या कागदाच्या शेवटी तुझ्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. तू हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हटलेस तर मी नाराजीने जाणार नाही, आणि घर तरीही तुझेच आहे. कलम २ ला याची अट नाही.

कलम ९. उरलेले. बँकेतले आणि सोसायटीतले जे असेल ते निकेश आणि डिंपल यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. माझी तेरवी साधी करावी. जेवणात मरळ मासा असावा. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व घडवून आणण्याची जबाबदारी रश्मी रामटेके हिने पत्करली आहे.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले, समजून उमजून सही केली. लिहिण्यात चूक असेल तर ती सुनिलभाऊंची, म्हणण्यात असेल तर माझी.

भैयाजी दसरू पचारे
(सही)

आमच्यासमक्ष सही झाली, आम्हीही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या. आम्हाला या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार १: डॉ. राजदीप खोब्रागडे, सावली. (सही)
साक्षीदार २: दादाजी बोरकुटे, नाट्य कलावंत, पांढरबोडी. (सही)

ठिकाण: मौजा पांढरबोडी, तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर
दिनांक: १६ मार्च २०२५, रविवार

मोकळी ठेवलेली जागा. वाचन संपल्यावर श्रीमती गिरजाबाई भैयाजी पचारे उठून कागदाजवळ येऊन बसल्या. मग जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत, काही न बदलता, मी वकील सुनिल याने खाली उतरवले, त्यांना वाचून दाखवले आणि त्यांनी सही केली.

"लिहा. डोळे देजा म्हणून लिहा. अन् त्याच्या खाली माजे बी लिहा. हे एकटे आंधळे जलमले तं यायले रंग सांगाले मी पाह्यजे, असं वाटे मले. पण मी डोळ्यावाली जलमून यायले कुठी धुंडत फिरू? दोघंबी आंधळे येऊ. आवाज वळखतो आमी."

गिरजाबाई भैयाजी पचारे
(सही)